मे महिन्यातली हूडी

गेल्या मे महिन्यात आम्ही बोरिवलीला, बाभई नाक्याजवळच्या सासरच्या घरी उतरलो, तेव्हा आमच्या पावणेतीन वर्षांच्या चिरंजीवांच्या अंगात आतून लोकरी अस्तर असलेली राखाडी हूडी होती. लंडनहून निघताना ती शोभत होती. बोरिवलीत पारा चौतिशीला, वर दमट हवा. दोन दिवसांत मानेवर घामोळं उठलं. तरी हूडी काढायची म्हटली की भोकाड.

घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाईंचं म्हणणं, "झोपला की काढून माळ्यावर टाक. दोन दिवस रडेल, मग विसरेल." शेजारच्या काकूंनी थेट मुळावरच बोट ठेवलं, "तिकडे पोरांना वेगळ्या खोलीत झोपवता ना, म्हणून हे चाळे."

काकूंचं अर्धं खरं आहे, हे आधीच कबूल करते. रेनाता गद्दीनी यांनी १९७०मध्ये इटलीत तीन गटांतल्या मुलांची तुलना केली. रोममध्ये राहणाऱ्या इंग्रजी भाषक कुटुंबांत असं एखादं लाडकं कापड बाळगणारी मुलं पुष्कळ निघाली, आईच्या कुशीत झोपणाऱ्या खेड्यातल्या मुलांत फारच थोडी. ज्याला रात्रभर पदर हाताशी आहे, त्याला हूडी कशाला लागेल? पण म्हणून हूडी हा दोष ठरत नाही. पदर नाही, तिथे पोराने स्वतःची सोय स्वतः केली, एवढाच त्याचा अर्थ.

लंडनमध्ये पॅडिंग्टन ग्रीनच्या मुलांच्या रुग्णालयात चाळीस वर्षं काम केलेल्या डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१मध्येच हे मांडलं होतं. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या वाटेवर मूल असं काहीतरी हातात धरतं आणि मोठं होता होता आपोआप सोडून देतं. ते हरवल्याचं दुःखही मग उरत नाही. समजूतदार आई ते कापड मळू देते, त्याला वास येऊ देते, कारण धुतलं की त्यातली ओळख जाते, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. जुलैत मुंबईला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. सांताक्रूझला त्या एका महिन्यात सरासरी आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दांडीवरचं कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वाळलं तरी कुबट.

माझा विरोध आहे तो गुपचूप काढून घेण्याला. मुलाच्या मनावर जन्माचा ओरखडा उठेल, असं मी म्हणत नाही. ती वस्तू त्याची आहे, एवढंच म्हणते. मी मुलुंडला वाढले. आईच्या विटलेल्या वायलच्या साडीचं एक दुपटं मला झोपताना लागायचं. एके दुपारी ते बोहारणीच्या गाठोड्यात गेलं आणि घरात स्टीलचं पातेलं आलं. मी तेव्हा चार वर्षांची असेन. दुपट्याचा रंग आज आठवत नाही, पण "उंदराने नेलं" असं मला सांगितलं होतं, ते आठवतं. पातेल्यात अजून दूध तापतं.

गंमत अशी, की आपणच तान्ह्या बाळाला पहिलं झबलं जुन्या, मऊ सुती कापडाचं घालतो. आजीच्या लुगड्यांची गोधडी प्रदर्शनात मांडून गहिवरतो. आणि पोराने तेच केलं की त्याला हट्टी म्हणतो!

तशीच दुसरी हूडी आणून द्यायचा उपायही फसवा आहे. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना 'हुबेहूब नक्कल काढणारं यंत्र' दाखवलं होतं. इतर खेळण्यांची नक्कल चालली, पण रोज उराशी घेऊन झोपायची वस्तू म्हटल्यावर मुलं मूळच परत मागत. काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. जोडी करायचीच तर जीव जडायच्या आधी, दोन्ही आलटून पालटून वापरून.

आम्ही काय केलं? हूडीतलं त्याला नेमकं काय हवंय, ते दोन दिवस नुसतं पाहिलं. टोपीचा काठ गालावर घासायचा, बस. मग त्याला घेऊनच गल्लीतल्या शिंप्याकडे गेलो. त्याला विचारून, स्टुलावर बसवून, त्याच्यासमोर बाह्या कापल्या. बाह्यांचं त्याला काहीच सोयरसुतक नव्हतं. टोपीला मात्र कात्री लावू दिली नाही. उरलेली बंडी दिवसा हातात, रात्री उशाशी. अंगात सुती बनियन. घामोळं आठवड्यात गेलं. सासूबाईंना हे अजूनही लाड वाटतात, वाटोत.

एका बाबतीत मात्र मी आजी-पक्षाहूनही कडक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपेत सुटं कापड ठेवू नये, ही डॉक्टरांची सूचना तंतोतंत पाळा. आणि हूडीला नाडी असेल, तर ती पहिल्याच दिवशी ओढून काढा.

यंदा सुट्टीत बोरिवली, मुलुंड, घाटकोपर कुठेही जाणार असाल, तर निघण्याआधी आजी-आजोबांना फोनवर मुलाच्या लाडक्या कापडाचं नाव सांगून ठेवा. आणि ते हातातल्या पिशवीत घ्या, सामानात टाकू नका.