छडी, उंदीर आणि मी

बरेच दिवस एक विषय मनात घोळत होता. लिहू की नको असं चाललं होतं, कारण लिहायचं तर स्वतःबद्दलही थोडं कडू लिहावं लागणार. पण पंचाहत्तरी आल्यावर आता कुणाची भीड धरायची? म्हणून लिहितेच.

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका बारशाला सगळे जमले होते. जेवणं झाली, पानं-सुपारी झाली आणि विषय निघाला मुलांच्या अभ्यासाचा. पुतण्याचा मुलगा नववीत. सकाळी शाळा, दुपारी कॉलेज रोडला क्लास, रात्री पुन्हा टेस्ट सिरीज. पोरगं कोपऱ्यात बसून नखं कुरतडत होतं. मी म्हटलं, "अरे, जरा श्वास घेऊ द्या त्याला." तर पुतण्या म्हणाला, "काकू, आम्ही काय कमी मार खाल्ला? काय बिघडलं आमचं? उलट त्यामुळेच तर घडलो!" सगळे हसले. मीही हसले. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई, माझ्या हातातही पट्टी असायचीच की!

पण त्या हसण्याने रात्री झोप लागली नाही, कारण मला दुसराच एक चेहरा आठवत होता.

दोनेक वर्षांपूर्वी गंगापूर रोडला भाजी घेत होते. एक पन्नाशीचे गृहस्थ आले आणि भर रस्त्यात पाया पडले. "बाई, ओळखलंत का?" नाव सांगितल्यावर ओळखलं. सहावीत माझ्या वर्गात होता. प्रकट वाचनाला उभा राहिला की जोडाक्षरापाशी अडायचा. मी काय करायचे? अडला की हातावर पट्टी, दुसऱ्यांदा अडला की बाकावर उभा. माझी कल्पना अशी की भीती बसली की जीभ सुटेल. आता त्याचा धंदा चांगला चालला आहे, मुलगी इंजिनिअर झाली आहे, सगळं कौतुकाने सांगितलं. आणि मग अगदी सहज, हसत हसत म्हणाला, "बाई, पण अजूनही चारचौघांत काही वाचायची वेळ आली ना, की तळहाताला घाम फुटतो. बँकेतसुद्धा फॉर्म घरी आणून भरतो." तक्रार नव्हती हो त्याच्या बोलण्यात. तक्रार असती तर बरं वाटलं असतं.

माझी नात पुण्याला जीवशास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, तुला विदिता वैद्यांचं काम सांगते." मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, शास्त्राशी संबंध जुन्या अकरावीलाच सुटला. पण तिने दोन-तीन संध्याकाळी बसून नीट समजावलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

डॉ. विदिता वैद्य या मुंबईच्या, कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या मेंदूशास्त्रज्ञ. येल विद्यापीठात पीएच.डी. करून, युरोपात काम करून त्या 2000 साली तिथे रुजू झाल्या. 2015 चा भटनागर पुरस्कार आणि 2022 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला आहे. नैराश्य आणि चिंता या आजारांत मेंदूत नेमकं काय होतं, आणि लहानपणी सोसलेला ताण मोठेपणी कुठून डोकं वर काढतो, हा त्यांचा विषय.

त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची नुकती जन्मलेली पिल्लं पहिले दोनेक आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवतात. बस, एवढंच. उपाशी मारत नाहीत की चटके देत नाहीत. ही पिल्लं मोठी झाली की जास्त घाबरट निघतात. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासातली गोष्ट ऐकून मी ताठ बसले. असा ताण सोसलेले उंदीर तरुण वयात, ताणाखालच्या स्मरणशक्तीच्या परीक्षेत चक्क बरे ठरले! मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, जिथे आठवणी रचल्या जातात, तिथे नव्या चेतापेशीही जास्त तयार होत होत्या. म्हणजे पुतण्या म्हणतो तेच, "मार खाल्ला म्हणून घडलो"!

पण शास्त्रज्ञ तिथे थांबले नाहीत. असाच ताण सोसलेले उंदीर मध्यम वयाचे झाल्यावरही तपासले. तेव्हा पारडं उलटलं होतं. नव्या पेशी कमी, स्मरणशक्ती घसरलेली. तारुण्यात जे नफ्यासारखं दिसलं ते कर्ज होतं, आणि त्याची वसुली उतारवयाकडे झाली.

आपण मात्र पहिली चाचणी बघूनच निकाल लावून मोकळे होतो.

दुसरा प्रयोग बंगळुरूचा. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं, की उंदराला रोज दोन तास जखडून ठेवलं, असं दहा दिवस केलं, तर मेंदूतल्या पेशींचा आकारच बदलतो. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या. आणि अमिग्डला म्हणून जो भीतीचा भाग आहे, तिथल्या फांद्या उलट वाढल्या! पुढे 2004 मध्ये त्यांनी आणखी पाहिलं. ताण थांबवून एकवीस दिवस विश्रांती दिली, तेवढ्या काळात आठवणींच्या भागातल्या फांद्या पूर्ववत होतात, पण भीतीच्या भागातल्या वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या. उंदीरही तसाच बावरलेला.

आपण नाशिककर. फांद्यांची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. माझं माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षबागेतलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय निर्दयपणे कापतात! पण माझे वडील प्रत्येक काडीवरचे डोळे मोजून कात्री लावायचे आणि नंतर वेलीला खतपाणी द्यायचे, जपायचे. शिस्त म्हणतात ती ही. डोळे मिटून कात्री चालवली तर फळकाडी जाते आणि नको तिथे फुटवे फुटतात. माझी पट्टी अशीच डोळे मिटून चालायची. धड्यातलं जोडाक्षर त्या मुलाला आलं की नाही, आता मला आठवतही नाही. त्याला भीती मात्र पक्की पाठ झाली.

आता कुणी म्हणेल, बाई, उंदीर कुठे आणि माणूस कुठे! बरोबर आहे. त्या मुलाच्या मेंदूत काय झालं हे मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. माणसाला आजी असते, मित्र असतात, एखादा चांगला मास्तर भेटतो. सगळाच ताण वाईट असंही मी म्हणत नाही. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो, धावण्याच्या शर्यतीत छाती धडधडते, ते हवंच. येतं आणि जातं. मी बोलते आहे ते रोजच्या, न संपणाऱ्या, ज्यातून सुटायची वाटच दिसत नाही अशा भीतीबद्दल. आणि नोकरीवर जाणाऱ्या आयांनी, "पिल्लू तीन तास दूर" हे वाचून कृपा करून स्वतःला बोल लावून घेऊ नका. पाळणाघरात मुलाला सांभाळणारं, जवळ घेणारं माणूस असतं. उंदराच्या पिल्लाला ते नव्हतं.

आणखी एक, दिलासा देणारं. 2013 च्या त्याच अभ्यासात दीर्घकाळ नैराश्यावरचं औषध दिलेल्या उंदरांमध्ये मध्यम वयातली ती घसरण टळली. म्हणजे हे काही सटवाईने कपाळावर लिहिलेलं नाही. डॉ. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये असंही दाखवलं, की सेरोटोनिन हे रसायन चेतापेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या चुली, वाढवतं आणि ताणाखाली पेशीला तग धरायला मदत करतं. हे समजल्यावर मला आमच्या नात्यातल्या एक वन्सं आठवल्या. वर्षानुवर्षं त्यांना आम्ही "आळशी", "मनाने कमकुवत" म्हणत आलो. आजार होता हो तो. मधुमेहाच्या गोळ्या घेताना कुणी लाजत नाही, मग मनाच्या डॉक्टरकडे जाताना तोंड का लपवावं?

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला. त्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायलाही बंदी घातली. तोवर मी निवृत्त झाले होते. तेव्हा स्टाफरूममधल्या जुन्या मैत्रिणींबरोबर मीही म्हणाले होते, "आता काय, पोरं डोक्यावर बसणार!" ते शब्द आज मागे घेते. पट्टी गेली खरी, पण तिची जागा रँकच्या याद्यांनी आणि "शेजारच्या मुलाला बघ" या वाक्याने घेतली आहे. कायद्यातला दुसरा शब्द, मानसिक छळ, आपण घरात अजून वाचलेलाच नाही.

"आमचं काय बिघडलं?" असं विचारणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. तुम्ही तुमच्या बिघडण्याकडे कधी नीट बघितलंत का? फोन वाजला की दचकता, साहेबाने बोलावलं की पोटात कालवतं, मुलाचे दोन मार्क गेले की तुमचा आवाज चढतो. हे सगळं कुठून आलं?

पुतण्या हे वाचेल, त्याला लिंक पाठवते आहेच. बाळा, रागावू नकोस. रविवारची एक टेस्ट बुडव आणि पोराला घेऊन सोमेश्वरला ये. नदीकाठी बसू, भेळ खाऊ. मी त्याला एकही प्रश्न विचारणार नाही, असा शब्द देते.

आणि त्या भाजीबाजारातल्या माझ्या विद्यार्थ्याला मी परवा फोन केला. चुकलं माझं, असं सांगितलं. तो गडबडून गेला, "बाई, असं नका बोलू" म्हणाला. मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. शेवटी म्हणाला, "बाई, एकदा घरी येतो. तुम्हाला पेपर वाचून दाखवतो."

यायचा आहे. वाट बघते आहे.