माणसे थोडी म्हणून साहेबाचे राज्य?

हिमाचल प्रदेशात लाहौल-स्पिती नावाचा एक जिल्हा आहे. क्षेत्रफळ सुमारे 13,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यापेक्षा किंचित मोठाच. 2011 च्या शिरगणतीत यवतमाळात 27 लाख 72 हजार माणसे भरली. लाहौल-स्पितीत भरली 31,564. चौरस किलोमीटरला दोन माणसे. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा एक सभासद जेवढ्या लोकांतून निवडून येतो, साधारण तेवढ्यात तिथे अख्खा जिल्हा आटोपतो. त्या तीस हजारांच्या डोक्यावर जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, आमदार, आदिवासी प्रकल्प आणि खात्यांचा सगळा पसारा.

कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांनी त्या बर्फाच्या मुलखाची उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, सरकार आणि गाव यांचे नाते काय असते ते आपल्याकडे गर्दीत झाकून जाते. तिथे झाकायला गर्दीच नाही. म्हणून आम्हाला हा जिल्हा पाहण्यासारखा वाटतो.

तिकडची शेतीही एका अर्थाने कोरडवाहूच. ढग पलीकडच्या डोंगरात रिकामे होतात, स्पितीत पाऊस जेमतेम शिंतडतो. वर्षाला एकच पीक, तेही बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत उरकायचे. पाणी येते ते वर साठलेल्या बर्फाचे. गावोगावच्या लोकांनी डोंगरकड्यांतून कित्येक किलोमीटर पाट काढून ते गावापर्यंत आणले. त्याला तिकडे कूल म्हणतात. रात्री तळ्यात पाणी धरायचे, दिवसा पाळीने शेतात सोडायचे. पाट दगडमातीने बुजला की गावाने मिळून उपसायचा. पाटबंधारे खाते जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालले आहे.

ते रामराज्य होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्पितीत पाण्याचा हक्क मूळच्या ‘बड्या घरां’चा. बाकीच्यांनी त्यांची पाळी उरकेपर्यंत थांबायचे, नाहीतर पाणी मागून किंवा विकत घ्यायचे. जमीन थोरल्या मुलाला, धाकट्याने गोंपात जाऊन लामा व्हायचे, मुलीला वाटा नाही. इथल्या वतनदारीचे चटके सोसलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण कूल कशी चालवायची एवढी अक्कल त्या गावांना होती आणि ती कोणत्याही साहेबाने शिकवलेली नव्हती, एवढेही कबूल करायला हवे.

दुसरे उदाहरण बटाट्याचे. लाहौलच्या उंचीवर आणि थंडीत मावा फारसा टिकत नाही. मावा नाही म्हणजे त्याच्या पाठीवर बसून येणारे विषाणूरोगही कमी. त्यामुळे तिथला बटाटा बेण्यासाठी उत्तम. हे ओळखून 1966 साली तिथल्या शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था काढली आणि लाहौलचे बेणे थेट देशावरच्या दूरदूरच्या राज्यांत विकायला सुरुवात केली. त्याआधी, 1920 च्या दशकापासून, हेच लोक कुठ नावाची औषधी मुळी लावून चीनकडे पाठवत होते. तो बाजार बसला तेव्हा ते बटाट्याकडे वळले. पुढे वाटाणा, हॉप्स, फ्लॉवर. बाजार कुठे आहे ते पाहून पीक बदलणारी ही माणसे. सहा महिने बर्फाने कोंडलेला शेतकरी बाजार ओळखतो, त्याला माल धरून ठेवता येतो, हिशेब ठेवता येतो. मग गावचा कारभार का ठेवता येऊ नये?

सरकारचे उत्तर ठरलेले आहे : माणसे थोडी, अंतरे फार, तेव्हा कारभार एका हाती हवा. हे उत्तर फार जुने आहे. इंग्रजांनी 1873 साली स्पितीसाठी खास नियम केला आणि दंड करण्याचे, सारा वसुलीचे अधिकार तिथल्या नोनोच्या हाती दिले. नोनो म्हणजे तिथला वंशपरंपरेचा सरदार. एवढ्या लांब साहेब पाठवणे परवडत नव्हते, म्हणून नोनो. स्वातंत्र्य आले, नोनोचे अधिकार गेले. हा मुलूख आधी कांगडा जिल्ह्यातल्या कुल्लूचा भाग होता. 1960 साली त्याचा वेगळा जिल्हा झाला, 1966 साली तो पंजाबातून हिमाचलात आला. मग 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आदिवासी भागांसाठी ‘एकसूत्री प्रशासन’ आले. सगळ्या खात्यांच्या नाड्या एका अधिकाऱ्याच्या हाती. स्पितीसाठी तो अधिकारी काझाला बसतो, जिल्ह्याचे ठाणे केलांगला. मध्ये साडेचार हजार मीटरच्या वरचा कुंझुम घाट, हिवाळाभर बंद. काझाच्या माणसाला तेव्हा केलांगची कचेरी गाठायची तर किन्नौर, मंडी, कुल्लू असा अर्ध्या हिमाचलला वळसा. एक अधिकारी जवळ आणून बसवला, लोकांचे हेलपाटे वाचले, हे खरेच. ती सोय नाकारण्यात अर्थ नाही. पण अधिकार डोंगर ओलांडून काझापर्यंत आला तो साहेबाच्या टेबलावर थांबला, गावात उतरला नाही.

पैशाची अडचण आहे म्हणावे तर तेही नाही. हिमाचलात योजना खर्चाचा 9 टक्के भाग आदिवासी भागांसाठी वेगळा काढण्याची पद्धत पडली. माणशी हिशेब केला तर आपल्या कोरडवाहू तालुक्यांचे डोळे पांढरे होतील. त्यातून काय काय बांधायचे हे कोण ठरवतो, एवढाच प्रश्न आहे.

आणि मताला वजन किती? साऱ्या जिल्ह्याचा एक आमदार, मतदार पंचवीस हजारांच्या आसपास. लोकसभेला तो मंडी मतदारसंघाच्या कोपऱ्यात पडतो; तिथे लाखांच्या ढिगात हे हजार कोण मोजणार! 2024 च्या लोकसभेला ताशीगंग या 15,256 फुटांवरच्या गावात 62 मतदारांसाठी केंद्र उघडले. जगातले सर्वांत उंच मतदान केंद्र म्हणून फोटो निघाले. फोटोपुरते कौतुक भरपूर. लाहौल-स्पितीच्या मताला सिमल्यात खरा भाव आला तो एकदाच, फेब्रुवारी 2024 मध्ये. राज्यसभेच्या एका जागेसाठी दोघांना 34-34 मते पडली आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. सत्ताधारी पक्षाचे जे सहा आमदार फुटले त्यांत इथला आमदार होता. पुढे तो अपात्र ठरला, पोटनिवडणूक झाली आणि 1972 नंतर प्रथमच या जिल्ह्यातून एक बाई आमदार झाली. ती नवी आमदार चांगले काम करो. पण आमदारच्या फुटण्याने ज्या जिल्ह्याची किंमत ठरते, त्याने मतपेटीच्या भरवशावर किती बसायचे?

यावर कायदा आहे, पण कागदावर. लाहौल-स्पिती घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येते. 1996 सालच्या पेसा कायद्याने अशा भागातल्या ग्रामसभेला जमीन, पाणी, गौण खनिज यांबाबत बोलण्याचा हक्क दिला. हिमाचलला त्याचे नियम लिहायला 2011 साल उजाडले. (महाराष्ट्राने 2014 उजाडू दिले, तेव्हा हसू नये.) नियम झाले तरी उघडाबोडका डोंगर, ज्यावर औषधालाही झाड नाही, बराचसा वनखात्याच्याच नोंदीत. गोठ्याला जागा पाहिजे तरी वनखाते आडवे. धरणवाल्यांची आखणी मात्र त्याच डोंगरात होते. भागा नदीवर जिस्पा इथे धरण आखले तेव्हा गावे विरोधात उभी राहिली. आधी विचारले असते तर उभे राहायची वेळ आली नसती.

3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. त्याआधी हिवाळ्यात आजारी माणसाला बाहेर काढायचे तर सरकारी हेलिकॉप्टर, आणि त्यात कोणाला जागा हे ठरणार कचेरीतल्या यादीवर. बोगद्याने ती लाचारी संपवली. लाहौलच्या शेतकऱ्याचा फ्लॉवर आता घाटात अडकत नाही. याचे मोल मोठे आहे आणि ते आम्ही मोकळ्या मनाने मानतो. पण बोगद्यातून माल बाहेर गेला तसा मोटारींचा लोंढा आत आला. पार्किंग कुठे, हॉटेल कुठे, कचरा कुठे, हे ठरवायला गाव नाही. जुलै 2021 मध्ये ढगफुटी झाली, नाले फुटले, ऐन भाजीच्या दिवसांत पट्टण खोऱ्याचा रस्ता तुटला. त्या नाल्यांची खोड गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. रस्ता आखणाऱ्याच्या फायलीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

आमच्यातलेच काही जण म्हणतात, गावाच्या हाती कारभार द्याल तर तो बड्या घरांच्याच हाती जाईल. शंका रास्त आहे. मुलींच्या वाट्याचेच पाहा. 2015 साली हिमाचलच्या उच्च न्यायालयाने आदिवासी मुलींनाही हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हिस्सा मिळावा असे म्हटले. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढून टाकले, कारण केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. म्हणजे तिच्या हिश्शाची चावी दिल्लीत. गावाने रूढी म्हणून नाकारायचे, दिल्लीने रूढीला हात लावायचा नाही. दोघांचे सूत चांगले जमले आहे. साहेबाच्या राज्यात बाईला जमीन मिळाली असती तर आम्हीही गप्प बसलो असतो.

उलट बायकांच्या हाती गावाची सूत्रे आली की काय होते, तेही स्पितीनेच दाखवले. जून 2020 मध्ये, महामारीच्या दिवसांत, स्पितीच्या लोकांनी आपल्यापुरता नियम केला : बाहेरून येणाऱ्याने आधी विलगीकरणात राहायचे. इस्पितळे लांब, म्हाताऱ्यांची संख्या मोठी. सिमल्याहून राज्याचे कृषिमंत्री आले. ते इथलेच आमदार. काझाच्या बायकांनी त्यांची गाडी अडवली : नियम सगळ्यांना सारखा. मंत्री परत गेले. आणि सरकारने काय केले? सुमारे दोनशे बायकांवर गुन्हा नोंदवला.

गावाने एकमताने केलेला, कोणाला पैशाचे नुकसान न करणारा, जीव वाचवणारा नियम. तो पाळा म्हटले तर पोलीस. ज्या जिल्ह्यात एका मांडवात अख्खी पंचायत मावते, तिथे लोकांचा कारभार सर्वांत सोपा. मग त्या चाळीस-पंचेचाळीस पंचायतींना विचारल्याशिवाय रस्ता, धरण, हॉटेल यांतले काहीही मंजूर होऊ नये. कूल दुरुस्तीचा पैसा थेट गावाच्या खात्यात पडावा, आणि ग्रामसभेत बड्या घराचा एक तर शेजारच्या बिनहक्काच्या घराच्या बाईचाही एक हात मोजावा. अधिकाऱ्याने हिशेब तपासावा, पाटाला दार कुठे ठेवायचे ते सांगू नये. काझाच्या त्या बायकांवरचा गुन्हा हा कारभाराचा नमुना म्हणून तिकडे कचेरीत चौकटीत लावून ठेवण्यासारखा आहे. पुढच्या मंत्र्याची गाडी घाट चढू लागली की तो आधी वाचला जावा.