बारा गज म्हणजे किती? लाकडाच्या मोजमापाची भाषा आणि आपली घाई

१/ एखाद्या जुन्या वाड्याच्या बांधकामाचा हिशेब आपण वाचीत आहोत आणि त्यात 'सागवानी तुळई, लांबी १२ गज' अशी नोंद आढळली, असे समजा. आपण लगेच गुणाकार करतो : एक गज म्हणजे तीन फूट, म्हणून तुळई ३६ फुटांची. माझ्या मते इतिहासाच्या वाचनातील ही एक अत्यंत सामान्य आणि तितकीच घातक चूक आहे.

२/ तीन फुटांचा गज हा मूळचा इंग्रजांचा यार्ड. त्याला आपण 'गज' म्हणू लागलो ते पुढे. फारसीतून आलेला हा शब्द त्यापूर्वी कित्येक शतके येथे रुळलेला होता आणि त्याची लांबी सर्वत्र एक नव्हती.

३/ अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात तो ३३ इंच धरला गेला. मुंबई इलाख्याच्या कोष्टकांत मात्र २४ तसूंचा गज २७ इंचांचा आणि १६ तसूंचा हात १८ इंचांचा आहे. म्हणजे एक तसू सव्वा इंचाहूनही थोडा कमी.

४/ आता तीच तुळई पुन्हा मोजा. यार्डाने ३६ फूट, इलाही गजाने ३३ फूट, मुंबईच्या गजाने २७ फूट. शब्द एकच, पण फरक नऊ फुटांचा! त्या फरकाने दालनाची रुंदी बदलते, लाकडाचा भाव बदलतो, आणि जीर्णोद्धार करणाऱ्याच्या हातून वाड्याचे रूपही बदलू शकते.

५/ 'जुन्या लोकांची मापे अशीच ढोबळ असायची' असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला मान्य नाही. २४ या संख्येला २, ३, ४, ६, ८ आणि १२ यांनी नि:शेष भाग जातो. गजाचा अर्धा, तिसरा, चौथा वा सहावा हिस्सा सुताराला अपूर्णांकाविना पाडता येई. ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती. ती केवळ आपल्या फूटपट्टीशी जुळत नाही, इतकेच.

६/ शिवाय 'शास्त्रीय' म्हणविणारी मापे तरी निखळ कोठे होती? एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराची कोष्टके १७३६ साली प्रसिद्ध झाली. गोल ओंडक्याचा घेर घ्यावा, त्याचा चौथा हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावे, ही त्यांची रीत. भारतातील लाकूडव्यवहारातही ती रूढ झाली.

७/ चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. या रीतीने तो १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात सुमारे १२.७३ घनफूट लाकूड असते. ओंडका चौरस करताना कडेचे लाकूड वाया जाणार, ते गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, असा यामागचा हिशेब. म्हणजे हा घनफूटही निसर्गाने दिलेला नाही. तो विकणारा आणि घेणारा यांच्यातील करार आहे.

८/ माझे म्हणणे एवढेच : मापाचा शब्द म्हणजे एक करारच असतो. कोणाचा गज, कोणत्या पेठेचा, कोणत्या मालासाठी, हे विचारल्यावाचून त्याचे रूपांतर करू नये. मुंबईचे कोष्टकही पुण्याच्या वाड्याला डोळे मिटून लावू नये. त्याच दफ्तरातील इतर नोंदी पाहाव्यात, आणि वाडा उभा असेल तर टेप घेऊन तुळई प्रत्यक्ष मोजावी. रूपांतर करायचेच असेल, तर मूळ शब्द कायम ठेवून आपला आकडा कंसात द्यावा.

९/ १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धती आणली. तरीही आज लाकडाच्या वखारीत उभे राहा : फूट, इंच आणि 'सूत' हेच शब्द कानी पडतील. आठ सुतांचा एक इंच. माप विलायती, त्याचा भाग देशी, आणि दोघांचा संसार सुखाने चाललेला!

१०/ 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' यावरून आला. सूत धरणारा, तो सुतार. जुने कागद वाचणाऱ्याने त्याच्याकडून एवढे तरी शिकावे : करवत चालविण्यापूर्वी सूत धरावे.