बोलोन्याहून आलेले पत्र

आमची भाची इटलीत बोलोन्या येथे शिकत आहे. तेथील विद्यापीठ १०८८ साली स्थापन झाले, असे परंपरेने मानतात. तेथे पुष्कळशा परीक्षा तोंडी होतात. गुण ३० पैकी, उत्तीर्ण होण्यास १८ हवेत. पाठांतर करून कागद भरण्याची सवय असलेली आमची पोर प्राध्यापकांसमोर बसताच गडबडली. १९ गुण मिळाले. ते नाकारून पुन्हा परीक्षेस बसण्याची तेथे मुभा असते; तिने ते नाकारले! कर्ज काढून पाठविलेली मुलगी हातचे सोडते, हे ऐकून बहिणीने कपाळाला हात लावला. आम्हीही रागावलो, खोटे कशाला बोलावे? पुढे कित्येक संध्याकाळी ती त्या शहराच्या कमानदार ओसऱ्यांखालून उत्तरे मोठ्याने म्हणत हिंडली. दुसऱ्या खेपेस २७ मिळाले, तेव्हा कोठे बहिणीच्या घशाखाली घास उतरला.