घड्याळ बिघडलंच नव्हतं!

१९९४ साली टायमेक्सने मायक्रोसॉफ्टच्या साथीने 'डेटालिंक' हे मनगटी घड्याळ आणलं. फोन नंबर, अपॉइंटमेंट्स कॉम्प्युटरवर टाइप करायच्या आणि घड्याळ स्क्रीनसमोर धरायचं. स्क्रीनवर लुकलुकणाऱ्या पट्ट्या त्याचा सेन्सर वाचायचा. ना केबल, ना ब्लूटूथ. भारीच ना? पण हे जमायचं फक्त जुन्या, खोक्यासारख्या सीआरटी मॉनिटरवर. सपाट एलसीडी स्क्रीन तशा लुकलुकत नाहीत. त्या आल्या आणि चांगली चालणारी घड्याळं बहिरी झाली.

मग हौशी मंडळींनी ती प्रकाशाची भाषा उलगडली आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. आता अर्डुइनोचा छोटासा बोर्ड आणि एक एलईडी, एवढ्यावर काम भागतं.

मला विचाराल, तर हे काम हौशी लोकांवर सोडायलाच नको. सपोर्ट बंद करताना कंपनीनेच वस्तूची भाषा खुली करायला हवी. तुमच्या हातातलं स्मार्टवॉचही कंपनीच्या ॲपच्या भरवशावरच चालतं. उद्या ते ॲप बंद पडलं तर? नवीन घड्याळ घेताना बॅटरी किती दिवस टिकते हे विचारताच. आता हेही विचारा.