धुरावरची जकात

माझा धाकटा मेहुणा भोसरीला बोल्ट तयार करतो. पत्र्याच्या छपराखाली चार यंत्रे, अठरा माणसे आणि एक हिशेबनीस, असा त्याचा पसारा. हिशेबनीस टेलिफोनही घेतो आणि पावसाळ्याआधी छपरावर चढून डांबरही लावतो. पण ह्या कारखान्यातला माल जर्मनीला जातो, आणि त्याचा आमच्या सौ.ना एवढा अभिमान आहे की घरातली खुर्ची करकरली तरी त्यांना भावाच्या बोल्टांची आठवण होते!

हा मेहुणा एका संध्याकाळी घरी आला, तो चहाला नको म्हणतच. तेव्हाच मी ओळखले की प्रकरण साधे नाही.

“भाऊजी, तुम्ही एम्. ए. ना? मग हे एवढे वाचून सांगा.” त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

“अरे, मी मराठीचा एम्. ए.”

“असू द्या. हे इंग्रजी असून मला इंग्रजी वाटत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

जर्मन गिऱ्हाइकाने पाठवलेला तो एक भला मोठा तक्ता होता. एका पानाखाली दुसरे, दुसऱ्याखाली तिसरे. भट्टीला इंधन किती लागले? वीज किती? बोल्टांसाठी घेतलेली तार कोणत्या पोलाद कारखान्यातली? तिथे टनामागे कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, किती बाहेर पडला? आणि शेवटी अत्यंत नम्र भाषेत एक ओळ : हे आकडे न मिळाल्यास पुढील मागणी नोंदवणे कठीण जाईल.

“धुरावर जकात!” मेहुणा उसळून म्हणाला. “मुंबईचे जकात नाके २०१७ साली उठले, तेव्हा मी पेढे वाटले होते. आता तोच नाका तिकडे युरोपात उघडला म्हणायचा!”

जकात हा शब्द मला फार आवडला. पण पुढचे आठ दिवस मी ह्या विषयावर मिळेल ते वाचत बसलो, तेव्हा कळले की तो अर्धाच खरा आहे.

मूळ कल्पना जुनी आणि सरळ आहे. कारखानदाराच्या धुराड्याने शेजाऱ्याचे धुणे काळे झाले, तर साबणाचा खर्च शेजारी सोसतो. कारखानदाराच्या वहीत तो कुठेच दिसत नाही. हा खर्च ज्याचा त्याच्या माथी मारावा, असा विचार पिगू नावाच्या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. कर्बवायूला तो प्रथम लावला फिनलंडने १९९० साली आणि पाठोपाठ स्वीडनने १९९१ साली. युरोपीय संघाने २००५ मध्ये निराळी वाट धरली. मोठ्या कारखान्यांनी मिळून किती वायू सोडावा ह्याची मर्यादा ठरवायची, तेवढेच परवाने काढायचे आणि त्यांची खरेदी-विक्री होऊ द्यायची. कमी सोडणाऱ्याने उरलेले परवाने विकावेत, जास्त सोडणाऱ्याने विकत घ्यावेत. पहिल्या खेपेला परवाने इतके उदंड वाटले की २००७ साली त्यांचा भाव जवळजवळ शून्यावर आला. तोच भाव फेब्रुवारी २०२३ मध्ये टनाला १०० युरोंना शिवून आला आणि वर्षभरात ६० च्या खाली उतरला. आमच्याकडच्या कांद्याची आठवण यावी, असाच हा प्रकार!

साहजिकच तिकडच्या पोलादवाल्यांनी ओरड केली. आम्ही धुराचे पैसे भरायचे आणि बाहेरून बिनपैशाच्या धुराचे पोलाद येणार. मग आम्ही कारखाने इथे ठेवावेत कशाला? त्यांना गप्प करण्यासाठी वर्षानुवर्षे बहुतेक परवाने फुकट दिले गेले. कारखाने टिकले खरे, पण धूर कमी करण्याची निकडही ढिली पडली. आता ते फुकट परवाने २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०३४ साली संपायचे आहेत, आणि त्यांच्या जागी सीमेवर आकारणी आली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज ह्यांच्यावर. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागत होते. १ जानेवारी २०२६ पासून हिशेब खरा झाला. नट-बोल्ट पोलादाच्या यादीत आहेत. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला २०२५ साली सूट मिळाली, पण मेहुण्याचे गिऱ्हाईक त्याहून पुष्कळ मोठे.

थोडक्यात, तिकडचा कारखानदार जे भरतो तेच बाहेरच्याने भरावे, असा हा न्याय. भारताने ह्याला हरकत घेतली आहे आणि ती मला पटते. दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून जे श्रीमंत झाले, त्यांनी आत्ता कुठे उभे राहणाऱ्यांना त्याच पट्टीने मोजू नये. पण बंदरावर उतरलेला बोल्ट हे भाषण करू शकत नाही. त्याच्यासोबत फक्त तक्ता जातो.

आम्ही तो तक्ता भरायला बसलो. मेहुण्याने मोठ्या उत्साहाने विजेची बिले काढली होती. छपरावर सौर पत्रे टाकायचा विचारही त्याने बोलून दाखवला. पण पोलादी वस्तूंची ही आकारणी करताना वीज धरतच नाहीत! बोल्ट कडक करायच्या भट्टीचा वाटाही किरकोळ. सगळे ओझे तारेत.

“म्हणजे मी काहीही केले तरी उपयोग नाही?” तो म्हणाला.

चकलीच्या भाजणीचे धान्य निवडता निवडता सौ. म्हणाल्या, “त्यात न समजण्यासारखे काय आहे? चकली तळायला गॅस किती लागला एवढेच विचारत नाहीत ते. भाजणी विकतची असेल तर ती भाजणाऱ्याने किती जाळला, तेही विचारताहेत. मग भाजणीवाल्याला विचार की!”

माझ्या आठ दिवसांच्या वाचनाचे सार ह्या बाईने तांदळातले खडे काढता काढता सांगितले.

तर भाजणीवाल्याला विचारायचे. दगडी कोळशाच्या झोतभट्टीतून एक टन पोलाद काढताना दोन टनांहून अधिक कर्बवायू निघतो. भंगार विजेच्या भट्टीत वितळवले तर फारच कमी. पण त्याच भट्टीत कोळशावर केलेले स्पंज आयर्न पडले की कोळशाचा पाढा पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हातातली तार कुठली, हे ठाऊक हवेच. मेहुण्याने आपल्या तारेच्या व्यापाऱ्याला फोन केला. वीस वर्षांचा घरोबा. व्यापारी मनापासून हसला. “शेठ, मी तारेचा भाव सांगतो. तिची कुंडली कुठून आणू?”

कुंडली नसेल, तर तिकडचे लोक आपल्या मनाने एक आकडा धरतात, आणि त्यावर वर वाढावाही चढवतात. हा ठरावीक आकडा सढळ हाताने धरलेला असतो. तुमचे पोलाद प्रत्यक्षात कितीही स्वच्छ असो, सिद्ध करता आले नाही तर ते मळकेच. आणि सिद्ध करायचे म्हणजे मान्यताप्राप्त तपासनिसाचा शिक्का हवा. मोठ्या पोलाद कंपनीत ह्या कामाला स्वतंत्र खाते असते, आणि तपासनिसाचा खर्च लाखो टनांवर वाटला जातो. आमच्याकडे खाते म्हणजे तो डांबरवाला हिशेबनीस. पैशांपेक्षा मला हेच जास्त बोचले. कर धुरावर आहे खरा, पण लहान माणूस बाजारातून उठायचा तो कागदावरून.

पैशांचा हिशेबही आम्ही केला. टनामागे अडीच टन वायू धरा, परवान्याला ७५ युरो धरा आणि युरोला १०० रुपये. किलोमागे १८ रुपये ७५ पैसे होतात. मेहुण्याने पेन्सिल खाली ठेवली. “भाऊजी, एवढा तर माझा नफाही नाही.” मग मी त्याला सांगितले की हा २०३४ सालचा पूर्ण आकडा, तोवर तिकडच्यांना फुकट परवाने मिळतात त्या प्रमाणात सूट असते, आणि २०२६ साली ती बरीच मोठी. शिवाय पैसे भरायचे ते आयातदाराने, तेही २०२६ च्या मालासाठी २०२७ च्या फेब्रुवारीपासून.

“भरायचे त्याने, पण भावात कापून घेणार माझ्याकडून,” तो म्हणाला. ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एक खिडकी मात्र आहे. मायदेशी धुराची किंमत आधीच भरली असेल, तर तेवढी वजा मिळते. म्हणजे तोच पैसा ब्रुसेल्सऐवजी दिल्लीच्या तिजोरीत किंवा इथल्याच एखाद्या स्वच्छ कारखान्याच्या खिशात जाऊ शकतो. आपल्याकडे २०२३ साली कर्ब-परवान्यांच्या व्यापाराची योजना जाहीर झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद ह्या उद्योगांना उद्दिष्टे ठरवून देण्यात आली. पण ही खिडकी मोठ्या कारखान्यांच्या उंचीवर आहे. भोसरीच्या शेडमधून तिथवर हात पोचायला शिडी हवी.

शेवटी मेहुण्याने दुसरी एक गिरणी शोधली. ती भंगारापासून तार काढते आणि प्रत्येक भेंडोळ्याबरोबर तपासलेला आकडा लेखी देते. तार किलोमागे थोडी महाग पडते. जर्मनीची निम्मी मागणी त्याने तिच्यावर टाकली. मी त्याचे पत्र इंग्रजीत नीट करून दिले; परवा उत्तर आले की तक्ता पोचला, मात्र चौथ्या पानावरचा एक रकाना रिकामा आहे.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. आम्ही दोघे गेलो होतो. यंत्रांना झेंडूच्या माळा, हिशेबनीसाच्या अंगात नवा सदरा, सगळे दरवर्षीप्रमाणे. जुना तारवाला दरवर्षी सकाळीच पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि पहिला नारळ त्याच्या हातून फुटतो. मेहुण्याने साडेअकरापर्यंत वाट पाहिली. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आला. मग नारळ त्याने हिशेबनीसाच्या हातात दिला.