थांब म्हणालात, कुठे ते सांगा

अमेरिकेत मालट्रक चालवणाऱ्याने आधी सलग 10 तास विश्रांती घ्यायची आणि कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आत फार तर 11 तास गाडी हाकायची, असा नियम आहे. केबिनमधलं यंत्र मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवतं. मर्यादा ओलांडलेली तपासनीसाला दिसली की चालक 'आउट ऑफ सर्व्हिस', म्हणजे विश्रांती पुरी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हा हुकूम मोडल्याचं सिद्ध झालं तर पहिल्याच खेपेला लायसन्स किमान 180 दिवस जातं. इथवर माझी काही तक्रार नाही. पेंगणाऱ्या माणसाच्या हाती 80,000 पौंडांचं धूड देऊ नये, हे सांगायला कायदाही लागू नये.

पण गाडी उभी करायची कुठे? वजनकाट्याच्या आवारात पकडला आणि तिथे रात्रभर थांबू दिलं तर प्रश्नच मिटला. महामार्गाच्या कडेला पकडला तर?

कडक मंडळी म्हणतात, जिथे सापडला तिथेच. आज दहा मैल जाऊ दिलंत तर उद्या पन्नास मागेल. ऐकायला चोख वाटतं, पण खुद्द सरकार इतकं कडक नाही. केंद्रीय मोटरवाहक सुरक्षा प्रशासनाने 2018 मध्ये खुलासा केला, त्यात दोन गोष्टी आहेत. माल भरता-उतरवता तास संपले तर चालकाने तिथून जवळच्या सुरक्षित जागी विश्रांतीला जावं, ते खासगी फिरणं ('पर्सनल कन्व्हेयन्स') धरता येईल. मात्र तास ओलांडल्याबद्दल 'आउट ऑफ सर्व्हिस' झाल्यावर तशी सवलत नाही. जागेवरच्या अधिकाऱ्याने तसं फर्मावलं तरच आहे.

या शेवटच्या वाक्याकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं. 'यंत्रावर पर्सनल कन्व्हेयन्सचं बटण दाबलं की झालं' म्हणणारे चालक ते वाचत नाहीत, आणि 'कायद्याने माझे हात बांधलेत' म्हणणारा अधिकारीही वाचत नाही. हात बांधलेले नाहीत. किल्ली त्याच्याच खिशात आहे.

'जिथे सापडला तिथेच' याचा अर्थ जरा जवळून बघा. आंतरराज्य महामार्ग, रात्रीचे दोन. ट्रकच्या मागे दहा, शंभर आणि दोनशे फुटांवर तीन चमकते त्रिकोण. केबिनमागच्या अरुंद बिछान्यावर चालक आडवा झालाय आणि शेजारून ट्रक गेला की सगळी केबिन हिंदकळते. या दहा तासांना विश्रांती म्हणायचं! शिवाय धोका त्याच्या एकट्याचा नाही. 12 जुलै 2023 च्या पहाटे इलिनॉयमधल्या हायलंडजवळ, विश्रांतीस्थळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकांवर प्रवासी बस आदळली आणि तीन प्रवासी गेले. ते ट्रक कुणाच्या हुकमाने उभे नव्हते, हे खरं. पण धातूला हुकूम कळत नाही.

'आधीच जागा बघून ठेवायला काय झालं होतं?' हा पुढचा आक्षेप. हे विचारणाऱ्याने एकदा गोदामाच्या दारात चार तास ताटकळून बघावं. 14 तासांचं घड्याळ तिथे थांबत नाही. सरकारच्याच 2019 च्या पाहणीत देशभर ट्रकांसाठी सुमारे 3,13,000 जागा निघाल्या आणि 98 टक्के चालकांनी सुरक्षित जागा मिळायला अडचण येते असं सांगितलं. 2009 मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा चालक माल पोचवायला वेळेआधी आला, म्हणून दक्षिण कॅरोलायनात एका ओसाड पेट्रोलपंपावर थांबला. तिथे त्याचा खून झाला. लुटारूला मिळाले सात डॉलर. जेसनच्या नावाने 2012 मध्ये कायदा झाला. त्यातून पाहण्या झाल्या, जागांची टंचाई मात्र आहे तशीच आहे.

सगळ्यांना एकच सवलत द्या, असं मी म्हणत नाही. दारू घेतलेल्याला 24 तास बाहेर बसवतात. त्याने एक फूटही गाडी हलवू नये, दुसऱ्या चालकाला बोलवा. एक पंचमांश ब्रेक निकामी असलेली गाडीही तशीच. ती दुरुस्त झाल्याशिवाय चालवायची नाही, न्यायचीच तर क्रेनने उचलून, हेच योग्य. माझं म्हणणं फक्त तास संपलेल्या चालकाबद्दल आहे. यंत्राच्या दृष्टीने तो वीस मिनिटांनी उशिरा असेल. त्याला आणखी तासभर चालवू देऊ नका, पण पुढच्या फाट्यावरच्या ट्रकस्टॉपपर्यंत जाऊ द्या.

म्हणून हुकमाच्या कागदावरच थांबायची जागा लिहावी. अमुक फाटा, अमुक आवार, इतके मैल, इतक्या वाजेपर्यंत. गरज पडली तर पोलिसगाडी मागे ठेवावी. मग 'दहाचे पन्नास' होण्याची भीती उरत नाही, कारण आकडा अधिकाऱ्याच्याच अक्षरात असतो. जवळपास जागाच नसेल तर तपासणीचं आवार रात्रीपुरतं उघडं ठेवावं. 'हे आमचं काम नाही' असं उत्तर येईल. चालकाला चाक सोडायला लावलंत तेव्हापासून ते तुमचंच काम झालं.